तुतीची पानं

फान युन्हेनं खिडकीकडे मान वळवली आणि नेमकं तेवढ्यातच ते होऊन गेलं. खाली कालव्यात कोळशाची एक नाव घाटाच्या पायरीवर आदळली होती आणि नावाडीण समोरच्या नावेतल्या माणसावर तोंड सोडून म्हणत होती, "डोळे घरी बायकोपाशी ठेवून आलास काय रे मुडद्या!" शिवीचा सूर इतका खणखणीत होता की फानला हसू आलं. ते हसू अजून ओठांवरच होतं तेव्हा पाठीमागून आजारी पोरीचा आवाज आला, "पाणी." मग काहीतरी लवंडल्याचा आवाज, मग पोरीच्या म्हाताऱ्या आजीचं "अगं, अगं, अगं!" तो वळला. वाटी गोधडीवर पालथी पडली होती, तिच्याभोवतीचा ओला डाग सावकाश मोठा होत होता आणि पोरीनं डोळे मिटून घेतले होते. तीन दिवसांत ती आपणहून बोललेला हा पहिला शब्द. तो शब्द, ते ओठांशी नेणं, ते ढकलणं, सगळं मिळून चार श्वासांचा खेळ. आणि त्या चार श्वासांत सूचौ शहरातला नावाजलेला बालवैद्य एका नावाडणीची शिवी ऐकत उभा होता.

"का ढकललं तिनं?" त्यानं विचारलं.

"गार होतं म्हणून," पोरीची आई म्हणाली. ती पायथ्याशी बसून पोरीची पावलं हातांत धरून होती. "सकाळचं ओतून ठेवलेलं पाणी. शहारली ती."

"काही गार नव्हतं," म्हातारी म्हणाली. "किटलीतलं घातलं होतं मी त्यात. कोमट लागलं म्हणून ढकललं. अंगाची भट्टी झालेल्या पोरीला गारच हवं असणार की नाही? तू कुठं बघत होतीस?"

"तिच्याकडेच बघत होते, आई."

"हात लागला असेल नुसता," दाराशी उभा असलेला बाप, चू बोशेंग म्हणाला. "तुम्ही दोघी एवढ्याशा गोष्टीवरून..." आणि मग फानचा चेहरा बघून तो पाऊलभर मागं सरकला.

फाननं गोधडीवरच्या ओल्या डागावर तळहात टेकला. पण गोधडी पोरीच्या तापानं ऊन झाली होती. पाणी मुळात कसं होतं ते आता तिच्यातून कळणार नव्हतं. त्यानं दोन वाट्या मागवल्या, एक गार, एक ऊन. आधी एक तिच्या ओठांना लावली, मग दुसरी. पोरीचे दात घट्ट मिटलेले. पाणी दोन्ही वेळा गालावरून ओघळलं आणि कानात गेलं. आईनं पदरासारखा बाहीचा काठ पुढं करून ते टिपलं. फानला वाटलं, आपण आता इथून उठावं आणि पळत सुटावं. तसं त्याला अलीकडे पुष्कळ घरांत वाटायचं. म्हणून तो अधिकच शांत बसून राहिला.

ज्याला हा धंदा ठाऊक नाही त्याला हे वेड वाटलं असतं. एक वाटी पाणी, त्यात एवढं काय? पण ताप दोन असतात आणि दोघांचा चेहरा एकच असतो. एकात आत खरीच आग पेटलेली असते. तिच्यावर गोदंतीचा गार काढा ओतावा लागतो. दुसऱ्यात आत सगळं थिजून गेलेलं असतं, आणि उरलीसुरली ऊब घाबरून कातडीवर येऊन बसलेली असते. त्याला बचनाग आणि सुंठ. अंग दोन्हींत भाजतं. गाल दोन्हींत लाल. हातपाय दोन्हींत कोपरा-गुडघ्यांपर्यंत गार. आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर अर्धा दिवससुद्धा लागत नाही. तेव्हा गुरुजी सांगायचे, पाण्याकडे लक्ष ठेव. आग असलेला गार पाणी घटाघटा पितो. थिजलेला पाणी मागतो, पण गार पाणी ओठांना लागलं की तोंड फिरवतो. रोगी खोटं बोलेल, नातेवाईक तर बोलतातच, तहान खोटं बोलत नाही. पस्तीस वर्षं फाननं या एका वाक्याला धरून दिवस काढले होते, आणि आज तहान बोलली तेव्हा त्याची पाठ होती.

त्यानं जीभ पाहिली. चमच्याच्या दांड्यानं दात विलग करून पाहावी लागली. पिवळी, मुळाशी काळपट. आग! त्याच्या मनात एकदम उजेड पडला. मग त्यानं मान वर केली. खोलीभर दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि दोऱ्यांवर नववर्षाची चित्रं वाळत टाकली होती. मासा मिठीत धरून बसलेलं गुबगुबीत मूल, शंभर वेळा, दोनशे वेळा, आणि प्रत्येकाच्या गालावर गुलाबी ठसा. खाली बापाची, मालकासाठी चित्रांचे लाकडी ठसे कोरायची जागा. वर या माळ्यावर सासू-सुना रंग भरायच्या. दहावा महिना. नववर्षाला दोनच महिने उरल्यामुळे गल्लीतल्या सगळ्याच घरांत असंच चाललं होतं. पोर आजारी पडली म्हणून चित्रं थांबणार नव्हती. कोपऱ्यात रंगांची भांडी. एकात पिवळा.

"ही कुंचले तोंडात घालते का?" फाननं विचारलं.

"घालते म्हणजे! चोखतेच," म्हातारी जरा कौतुकानंच म्हणाली. "टोक काढून देते मला. डोळ्यांच्या रेषा मारायला लागतं ना टोक. परवा ताप भरला तेव्हासुद्धा हातात कुंचलाच होता."

"कुठल्या रंगाचा?"

म्हातारीनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं जमिनीकडे. कोणालाही आठवत नव्हतं.

म्हणजे जीभही गेली. राहिली नाडी. त्यानं पोरीचं मनगट उचललं. एवढंसं मनगट, त्याच्यावर तीन बोटं मावत नाहीत, एकच ठेवावं लागतं. वेगानं उडत होती, मोठी, भरलेली. त्यानं बोट दाबलं तशी ती पोकळ लागली, कांद्याच्या पातीसारखी. थिजलेली, तो मनात म्हणाला. आत काही नाही. पुन्हा दाबलं तर भरलेली लागली. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याच बोटातली नाडी आपल्याला ऐकू येते आहे. त्यानं बोट उचललं, बाहीला पुसलं, परत ठेवलं. तिघं त्याच्या बोटाकडे बघत होते. पोरीचं नाव काय, त्यानं विचारलं. वेळ काढायला विचारलं. "श्याओमान," आई म्हणाली. "गव्हात दाणा भरायला लागतो ना, त्या दिवसात झाली म्हणून." मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती पुढं म्हणाली, "जन्मली तेव्हा अगदी लहान होती हो. भरेल, भरेल म्हणून ठेवलं नाव."

कागद पुढं आला. फाननं शाई घोटली, जरुरीपेक्षा जास्त घोटली. कुंचला टेकवला आणि बचनाग या शब्दाची पहिली रेघ ओढली. एक आडवी रेघ. तिथं त्याचा हात थांबला. एका रेघेतून कुठलाही शब्द निघू शकतो. त्या रेघेकडे बघताना त्याला एकदम शेणाचा आणि ओल्या पेंढ्याचा वास आला. तो एकोणतीस वर्षांचा होता तेव्हा गुरुजी बाहेरगावी गेलेले असताना एका नावाड्याच्या मुलाला त्यानं पाहिलं होतं. पोराला पेंढ्यावर काढून ठेवलेलं, बापानं रडणंसुद्धा संपवलेलं. हीच लाली, हेच गार हात. फाननं क्षणभरही विचार केला नव्हता. बचनाग लिहिला, मोठ्या माणसाची मात्रा लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पोरानं उठून शिजवलेली वाम मागितली. त्या वामेवर फानचं नाव झालं. शहराच्या सहाही वेशींपर्यंत पोचलं. मग सात वर्षांनी बायकोच्या भावाचं अकरा महिन्यांचं मूल. तीच लाली, तेच हात, तोच त्याचा आत्मविश्वास, तोच बचनाग. दिवस मावळायच्या आत मुलाच्या नाकातून रक्त आलं, काळं, न थांबणारं; आणि मेहुण्यानं मुलाच्या अंगावरची, फाननं भेट दिलेली चांदीची साखळी काढून फानच्या हातात परत दिली. दुसऱ्या महिन्यात मेहुण्यानं हांगचौला बिऱ्हाड हलवलं. पंधरा वर्षं झाली. दोन्ही मुलं फाननं मनात हजारदा शेजारी शेजारी निजवून पाहिली होती. फरक सापडला नव्हता. असेलही; त्याला दिसला नव्हता, एवढंच. सुरुवातीला वाटायचं की एक दिवस दिसेल. मग वाटायला लागलं की पहिल्या मुलाच्या वेळीही तो दिसला नव्हताच. त्या दिवशी फक्त दैव त्याच्या बाजूचं होतं आणि त्यानं त्याला विद्या समजून घेतलं.

त्या आडव्या रेघेतून त्यानं दुसराच शब्द काढला. तुतीची पानं. खाली शेवंती, ज्येष्ठमध, तांदळाचे मोड. हात आता सराईतपणे चालला. पंधरा वर्षं हेच चाललं होतं. हे औषध आग विझवत नाही, थिजलेलं वितळवत नाही. कोणी बरं होणारच असेल तर त्याच्या आड येत नाही. वास चांगला येतो.

"गोडसर आहे," तो म्हणाला. "घेईल ती. उद्या येतो."

म्हातारीनं कागद दोन्ही हातांनी कपाळाला लावला.

घरी बायको कमळकाकडी चिरत बसली होती. तिच्या चिरण्याचा आवाज अंगणापासून येत होता, एकसारखा. तो पायऱ्यांवर बसला आणि जोडे काढायचं विसरून गेला.

"कोणाकडे गेला होतात?"

"चित्रं छापणाऱ्यांच्या गल्लीत. सहा वर्षांची मुलगी. ताप."

सुरी थांबली. "काय दिलंत?"

"तुतीची पानं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि सुरी पुन्हा सुरू झाली. तिचे खांदे खाली आलेले त्यानं पाहिले. भावाच्या मुलाबद्दल ती पंधरा वर्षांत एकदाही बोलली नव्हती. फक्त प्रत्येक वेळी विचारायची, काय दिलंत. आणि तो उत्तर द्यायचा आणि ती म्हणायची, मग ठीक आहे. त्याला वाटलं, आज तिला सांगावं की ठीक नाही. या औषधानं ती पोर मरेल, फक्त सावकाश मरेल आणि कोणाच्या लक्षात येणार नाही. पण हे तरी खरं कशावरून? उद्या कदाचित घाम फुटून ताप उतरेलही. पोरं उठून बसतात. वैद्य पोचायच्या आत बरी होतात, वैद्याच्या औषधानंतरही बरी होतात. "जोडे काढा की," बायको म्हणाली. त्यानं काढले.

दुसऱ्या दिवशी तो माळ्यावर चढला तेव्हा तिथं जिन वैद्य बसलेला होता. तिशीतला माणूस, टोपी नवी, आवाज मोठा. बोशेंगच्या मालकानं त्याला धाडलं होतं. जिनचं शहरात नाव होत होतं ते याच गोष्टीसाठी, की तो दारातूनच रोग ओळखतो. त्यानं उठून फानला रीतसर नमस्कार केला, वडीलधाऱ्याला करावा तसा वाकून. मग घरच्यांनी दिलेला फानचा कालचा कागद बाहीतून काढला.

"फानसाहेब, तुमची परवानगी असेल तर एक विचारू? तुतीची पानं कशासाठी? पोरीच्या पोटात रेशमाचे किडे पाळायचेत का?"

दाराशी उभी असलेली शेजारीण फिसकन हसली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. फानलाही, आश्चर्य म्हणजे, ते विनोदी वाटलं.

"तुम्हाला काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

"दिसण्यासारखं आहेच काय दुसरं? आग आहे. जीभ बघा. गोदंती द्या, आणि भरपूर द्या, मूठभर. उद्या पोरगी जिन्यावरून धावेल."

"जीभ रंगलेली असू शकते. कुंचले चोखते ती."

जिन क्षणभर थबकला. तेवढंच. "मग जीभ सोडा. चेहरा बघा."

"चेहरा दोन्हींत असाच असतो."

"मग तुम्ही सांगा ना! बचनाग द्यायचाय? बोला, बचनाग म्हणा, मी वाद घालतो तुमच्याशी. चार ग्रंथ काढू, भांडू. पण हे काय आहे?" त्यानं कागद हवेत हलवला. "हे म्हणजे दारात उभं राहून आत आग लागलीय की पूर आलाय ते बघत बसणं."

फान पोरीजवळ जाऊन बसला. हे सगळं खरं होतं, आणि त्यानं स्वतःला हेच याहून वाईट शब्दांत पुष्कळदा सांगितलेलं होतं. पोरीचा श्वास आज हलका येत होता. घरच्यांना ती शांत झोपल्यासारखी वाटत होती. त्यांनी तसं सांगितलंही: रात्री तळमळली नाही, तुमच्या औषधानं गुण आला. फान त्या शांततेकडे बघत होता. उतार पडला की अशी शांतता येते. आतलं सरत आलं की अशीच येते.

म्हातारी उठून त्याच्यासमोर येऊन बसली. तिच्या हातात जिनचा कागद होता, त्यावर गोदंती हा शब्द एवढा मोठा लिहिलेला की मागच्या बाजूला शाई फुटली होती. "वैद्यबुवा, आम्ही अडाणी माणसं. तुम्ही सांगा. हे द्यायचं का?"

आई, बाप, शेजारीण, जिन, सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. आपल्या आयुष्यात पुन्हा कधी एवढं स्पष्ट कोणी काही विचारणार नाही, असं फानला वाटलं. हो म्हणावं. किंवा नाही म्हणावं आणि बचनाग लिहावा. दोन्हींतलं काहीही बरोबर ठरायची निम्मी तरी शक्यता होती. त्यानं घसा साफ केला.

"जिन वैद्यांचं म्हणणं बरोबर असेलही," तो म्हणाला.

"असेलही म्हणजे?"

"पण चुकलं तर ते परत घेता येत नाही."

"आणि तुमचं औषध? ते चुकलं तर?"

"माझं..." त्याला खरंच जे वाटत होतं तेच त्यानं सांगितलं. "माझ्या औषधानं काही होणार नाही."

म्हातारीच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती सैल झाली. "ऐकलंस ना?" ती सुनेला म्हणाली. "काही होणार नाही म्हणतायत. एवढंच ऐकायचं होतं मला." तिनं जिनचा कागद दुमडून त्याच्यापुढं आदरानं ठेवला. फाननं तोंड उघडलं. तसं नाही, असं त्याला म्हणायचं होतं, मी म्हटलं ते तसं नाही. पण ती तोवर चुलीकडे वळली होती, तुतीच्या पानांचं मडकं चढवायला, आणि आई पोरीच्या कानात काहीतरी पुटपुटत हसत होती. जिननं टोपी नीट केली. जाताना तो फानजवळ थांबला आणि या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "फानसाहेब, मी चुकतो. पुष्कळ चुकतो, माझी मलाच मोजदाद नाही. पण माणसाला निदान चुकण्याची तरी छाती असावी." जिन्यावरून त्याची पावलं उतरत गेली. फानला वाटलं, हाक मारावी. गोदंतीच द्या म्हणावं. पण पोर थिजलेली असली तर? त्या मुलाच्या नाकातलं रक्त काळं होतं.

तापाच्या पाचव्या दिवशी काहीच बदललं नाही. तो आला, नाडी पाहिली, तीच पानं पुन्हा लिहिली आणि गेला.

सहाव्या दिवशी सकाळी तो उठला तेव्हा त्याचं ठरलेलं होतं. कसं ठरलं, ते त्याला सांगता आलं नसतं. नवीन काही कळलं नव्हतं. बहुधा तो थकला होता. औषधवाल्याच्या दुकानात जाऊन त्यानं स्वतः शुद्ध केलेला बचनाग वजन करून घेतला. दुकानदार म्हणाला, "तुम्ही? बचनाग?" आणि हसला. फाननं पुडी बाहीत ठेवली. पुलावरून जाताना ती मनगटाला लागत होती आणि त्याला आश्चर्य वाटलं की आपल्याला हलकं वाटतंय. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तो एखाद्या आजाऱ्याच्या घराकडे भरभर चालत होता. शिंगाड्यांच्या टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या, त्यांतलीच एक म्हणाली, "वैद्यबुवा, लग्नाला निघालात की काय?" मरेल किंवा जगेल, तो स्वतःशी म्हणत होता, पण माझ्या हातून.

जिना चढतानाच हसण्याचा आवाज आला. श्याओमान उशीला टेकून बसली होती. डोळे उघडे, मोठे, पाणीदार. आई तिला तांदळाची पेज भरवत होती आणि बाप, जो कामाच्या वेळी कधी वर येत नसे, तो कमरेचं फडकं तसंच ठेवून भिंतीशी उकिडवा बसला होता. "आले, आले," म्हातारी ओरडली, "बघा तुमची करामत!" फान दारातच उभा राहिला. पुडी मनगटाशी जड झाली.

"हे कोण?" पोरीनं विचारलं.

"हे वैद्यबुवा. यांनी गोड औषध दिलं तुला."

पोरीनं त्याला नीट न्याहाळलं. "यांच्या दाढीला शाई लागलीय," ती म्हणाली. सगळे हसले. फान तिच्याजवळ बसला. तिचे गाल अजून लाल होते, किंचित जास्तच, कडा कापल्यासारखे. मनगटाखालची नाडी भांड्यातल्या उकळीसारखी वर वर येत होती, मोजता येत नव्हती. पेज दोन चमचे गेली असेल, तिसरा ओठांवर होता. जीव सरता सरता असा उजेड येतो, हे त्यानं पाहिलं होतं. आणि खरोखर बऱ्या होणाऱ्या मुलांच्या डोळ्यांतही असाच उजेड येतो, हेही पाहिलं होतं. आता तरी विचारता येईल, त्याला वाटलं. आता ती बोलते आहे.

"श्याओमान," तो म्हणाला, "त्या दिवशी आजीनं वाटी दिली होती ना पाण्याची. तू का ढकललीस?"

ती आठवायला लागली. कपाळाला आठी घालून, मन लावून. फान पुढं झुकला.

"आजीचा अंगठा पाण्यात होता," ती म्हणाली. "निळा."

"मग?"

"शी!"

आई इतकी हसली की तिच्या हातातला चमचा डुचमळला. म्हातारीनं स्वतःचा अंगठा वर धरून पाहिला. नखाच्या कडेला निळा रंग अजून होता. "ऐका हो कार्टीचं! सहा वर्षं याच हातानं जेवतेय."

"पण पाणी," फान म्हणाला. त्याचा आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. "गार होतं की ऊन होतं?"

"मी प्यालेच नाही," श्याओमान म्हणाली, आणि उशीवर मान टाकून वर टांगलेल्या चित्रांकडे बघत राहिली. तिला आता कंटाळा आला होता.

पाहिलं असतं तरी दिसलं नसतं. खिडकीकडे तो वळला नसता, डोळे फाडून बघत बसला असता, तरी त्याला एवढंच दिसलं असतं की पोरीनं वाटी ढकलली. आणि त्यावरून त्यानं पूर्ण विश्वासानं काहीतरी लिहिलं असतं. गेले तीन दिवस तो स्वतःला ज्याबद्दल फाडून खात होता ते मुळात तिथं नव्हतंच. याचा आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याला वाटलं की पायाखालची फळी कोणीतरी काढून घेतली. चूक होती तोवर निदान काहीतरी होतं. चुकलो म्हणजे बरोबरही ठरू शकलो असतो. नावाड्याच्या पोरानं पाण्यापासून तोंड फिरवलं होतं, अजून आठवतं. त्याला तरी काय दिसलं असेल त्या पाण्यात?

त्यानं बाहीतली पुडी चाचपली. हा उजेड खोटा असेल तर बचनाग ही शेवटची काडी होती, आणि तीही बहुधा ओली. खरा असेल तर हीच पुडी हिला मारील. आईनं चौथा चमचा भरला. "पेज थोडी थोडी द्या," फान म्हणाला. "एकदम नको." जिन्यापर्यंत आई त्याच्या मागोमाग आली. "बरी होईल ना?" तिनं हळूच विचारलं, खोलीत सगळ्यांसमोर तिनं विचारलं नव्हतं. तिला शंका आलेली होती. त्या घरात तिला एकटीला.

"आज चांगली दिसतेय," तो म्हणाला.

तिनं थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि मग मान हलवली, जणू दोघांचं काही बोलणं झालं होतं.

दुपारी उन्हं अंगणाच्या अर्ध्यावर आली असताना चू बोशेंग फानच्या दारात आला. अंगावर लाकडाचा भुसा. तो आत आला नाही. "आता यायला नको," तो म्हणाला. "सांगायला आलो. तुम्हाला उगाच हेलपाटा." मग तो थोडा वेळ तिथंच उभा राहिला, आणखी काही निरोप आहे का ते आठवत असल्यासारखा, आणि गेला. बायको आतून बाहेर आली. तिनं या वेळी काही विचारलं नाही. फाननं पुडी बाहीतून काढून विहिरीच्या कठड्यावर ठेवली. तिनं ती उचलून वास घेतला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "दिलंत?" "नाही." ती मटकन कठड्यावर बसली. तिच्या ओठांपर्यंत तिचं नेहमीचं वाक्य आलेलं त्याला दिसलं. ते तिनं गिळलं.

सातव्या दिवसाचे मरणविधी झाल्यावर म्हातारी आली. कमळकाकडीची टोपली घेऊन आली होती आणि दाराशी गुडघे टेकायला लागली. फाननं तिला दंडाला धरून उठवलं. तिचं रडून झालेलं होतं. ती म्हणत होती की पोरीच्या तोंडात कडू थेंबही गेला नाही, गोड पाणी पिऊन गेली, हसून गेली. जिनचं मूठभर दिलं असतं तर तडफडली असती. शेजारच्या गल्लीत त्यानं एकाला दिलं, तो काय ओकला म्हणता!

"आजी," फान म्हणाला, "मला तिचा आजार कळलाच नव्हता."

म्हातारीनं टोपली खाली ठेवली.

"शेवटपर्यंत कळला नाही. मी जे दिलं ते औषध नव्हतं. भीती होती माझी. मी तिला काहीच दिलं नाही."

त्यानं हे मोठ्यानं म्हटलं होतं. आता काहीतरी होईल म्हणून तो वाट बघत राहिला. तिनं तोंडात मारावं, टोपली उचलून न्यावी, रस्त्यावर उभं राहून ओरडावं. म्हातारीनं त्याचा हात हातात घेतला आणि त्यावर थोपटलं. "एवढे मोठे वैद्य," ती म्हणाली, "आणि बघा तरी कसं मनाला लावून घेतात." जाताना ती गल्लीच्या तोंडाशी पाणी भरणाऱ्या बायकांपाशी उभी राहिली. फानला बोलणं ऐकू आलं नाही. पण बायकांनी एकेक करून माना वळवून त्याच्या दाराकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत माया होती.

नववर्ष गेलं. थंडीत मुलं आजारी पडतात तशी पडली. बोलावणी यायला लागली आणि फान जायला लागला, आणि त्याच्या हळूहळू ध्यानात आलं की बोलावणी उशिरा येतायत. जिनकडे जाऊन आलेली, मंदिरात जाऊन आलेली, गोदंती, बचनाग, राख, अंगारा सगळं करून झालेलं. खोलीत शिरताच त्याला कळायचं की हे मूल आता जाणार. आता निदान करायचं उरलेलंच नसायचं. तो नाडी पाहायचा, तुतीची पानं लिहायचा, आणि घरातली माणसं त्याला दारापर्यंत पोचवायला यायची, हळू आवाजात बोलायची, त्याचे आभार मानायची. जिन वाटेत भेटला तर वाकून नमस्कार करायचा आणि पुढं जायचा.

दुसऱ्या महिन्यात, विलो फुटायला लागल्या होत्या तेव्हा, विणकरांच्या वस्तीतली एक आजी सकाळी त्याला न्यायला आली. नातू चार वर्षांचा. वाटेत ती दोनदा म्हणाली की एक मूल आधी गेलंय त्या घरातलं, थोरलं, आता मनाला दम निघत नाही. माग चालल्याचा आवाज गल्लीत भरून राहिला होता. दाराशी ती पुढं झाली आणि तिनं कडी वाजवली. सुनेनं दार उघडलं. बोटं पिठानं माखलेली, चेहऱ्यावर अर्धवट हसू. कोण आलंय ते बघायला तिनं सासूच्या खांद्यावरून पाहिलं आणि हसू तसंच राहिलं, पण त्यातून ती निघून गेली.

"यांना का आणलंत?" ती सासूला म्हणाली. "आई, यांना का आणलंत? नुसता खोकला आहे त्याला."

सासू खाली बघत होती.

आतून मूल खोकलं. फाननं, सवयीनं, कान दिला. पुन्हा खोकलं. ओला, मोकळा, छातीच्या वरच्या भागातून येणारा खोकला. आंघोळीनंतर अंगणात खेळल्यावर येतो तो. चार दिवसांत औषधावाचून जाणारा. यात दुसरं काही असूच शकत नव्हतं. कित्येक वर्षांत त्याला इतकं स्पष्ट काही ऐकू आलं नव्हतं.

"साधा खोकला आहे," तो म्हणाला. "बाई, ऐका. खरंच साधा आहे. मी आत यायचीसुद्धा गरज नाही."

"मग तुम्हाला का बोलावलं?" ती म्हणाली. "त्यांना काहीतरी दिसलं असणार. माझ्यापासून लपवतायत. तुम्हीही लपवताय." तिचा आवाज चढत गेला. गल्लीतले माग एकेक करून थांबले आणि शेजारची दारं उघडली. "तुम्हाला का बोलावतात ते मला माहीत आहे!"

"मी शपथेवर सांगतो."

पण ती उंबऱ्यावर बसली होती आणि रडायला लागली होती, पिठाचे हात तोंडावर घेऊन, मोठ्यानं, कोणीतरी गेल्यावर रडतात त्या सुरात. समोरच्या दारातल्या बायका पुढं आल्या. त्यातली एक तिच्याजवळ टेकली आणि तिनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, दुसरीनं फानला वाट करून दिली. आतून मूल आलं. गुबगुबीत, नाक वाहणारं, हातात अर्धवट खाल्लेली वाफवलेली वडी. त्यानं आईकडे पाहिलं, मग सगळ्या बायकांकडे, मग फानकडे, आणि वडीचा आणखी एक तुकडा तोडला. "गप रे माझ्या बाळा," म्हणत आजीनं त्याला उचलून छातीशी घट्ट धरलं. मूल रडत नव्हतं.